२५ मुलांच्या निरीक्षणगृहाला शासनाचा पैसा किती, कशासाठी आणि केव्हा?

प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला विधिसंघर्षग्रस्त (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या) मुलांसाठी २५ जणांचे निरीक्षणगृह सुरू करायचे आहे. दर मुलामागे शासन किती देते? पगार मिळतात का? भाड्याची इमारत चालेल का? पैसा वेळेवर येतो का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी: येत नाही. पहिल्या सहा महिन्यांचा खर्च पदरचा करता येणार नसेल तर या कामाला हात घालू नका. बाकीचे सविस्तर.

लोक अजून ‘रिमांड होम’ म्हणतात, वर्तमानपत्रे ‘बालसुधारगृह’ लिहितात. अर्ज करताना मात्र शब्द नेमका हवा, कारण पैसा त्या शब्दावर ठरतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये गृहांचे वेगवेगळे प्रकार आहेत, त्यांतले चार इथे महत्त्वाचे. चौकशी चालू असताना मुलाला तात्पुरते ठेवायचे ते निरीक्षणगृह (कलम ४७). बाल न्याय मंडळाच्या अंतिम आदेशाने जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवायचे ते विशेष गृह (कलम ४८). अठरा ओलांडलेल्यांसाठी, किंवा अतिगंभीर (कायद्याच्या भाषेत heinous) गुन्ह्यातल्या सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी सुरक्षित ठिकाण (कलम ४९). काळजी व संरक्षणाची गरज असलेल्यांसाठी बालगृह (कलम ५०). संस्थेच्या घटनेत ‘अनाथ व निराधार मुलांसाठी’ एवढेच उद्दिष्ट असेल, तर निरीक्षणगृहाचा अर्ज करण्याआधी धर्मादाय कार्यालयातून उद्देशात दुरुस्ती करून घ्या. त्यात महिने जातात.

कलम ४७ चा अर्थ नीट लक्षात घ्या. प्रत्येक जिल्ह्यात किंवा जिल्ह्यांच्या गटासाठी निरीक्षणगृह स्थापन करण्याची जबाबदारी राज्य शासनाची आहे. शासन ती स्वतः पार पाडेल किंवा स्वयंसेवी संस्थेमार्फत. म्हणजे संस्थेने गृह उघडायचे आणि मग अनुदान मागायचे, असा हा क्रम नाही. आधी जिल्ह्याची गरज कागदावर यावी लागते. शिवाय महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांत हे काम जिल्हा परिवीक्षा व अनुरक्षण संघटना करीत आल्या आहेत. तुमच्या जिल्ह्यात अशी संघटना असेल, तिचे गृह चालू असेल आणि मान्य संख्येच्या निम्मी मुलेही तिथे नसतील, तर दुसऱ्या गृहाचा प्रस्ताव जिल्ह्यातच थांबतो, आणि थांबावाच.

म्हणून पहिले काम आकड्यांचे. बाल न्याय मंडळासमोर गेल्या तीन वर्षांत महिन्याला किती मुले आली, त्यातली किती जामिनावर त्याच दिवशी पालकांकडे गेली, किती निरीक्षणगृहात पाठवली आणि सरासरी किती दिवस राहिली, ही माहिती जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत मागा. नावे मागू नका, कलम ७४ प्रमाणे ओळख उघड करता येत नाही. फक्त संख्या पुरे. मुलांची संख्या गुणिले राहण्याचे दिवस म्हणजे बालक-दिवस. वर्षाच्या बालक-दिवसांना ३६५ ने भागले की रोजची सरासरी निघते. १२० मुले आणि प्रत्येकी सरासरी ३० दिवस, म्हणजे ३,६०० बालक-दिवस, म्हणजे रोज दहा मुलेसुद्धा नाहीत. २५ ची इमारत आणि दहा मुले, इथेच सगळे गणित बिघडते. कायद्यात जामीन हा नियम आहे (कलम १२) आणि तो तसाच असला पाहिजे. गृह भरलेले राहावे अशी इच्छा धरणे हे या कामातले सर्वांत वाईट लक्षण.

आता पैसा. सध्याची योजना मिशन वात्सल्य. आधी तिचे नाव एकात्मिक बाल संरक्षण योजना, नंतर बाल संरक्षण सेवा असे होते. महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. निवासी संस्थेतल्या मुलासाठी परिपोषण अनुदान (जेवण, कपडे अशा रोजच्या गरजांचा खर्च) दरमहा ३,००० रुपये. याशिवाय मंजूर पदांचे मानधन आणि वीज, पाणी, प्रवास, कार्यालय यांसाठीचा आवर्ती खर्च वेगळा असतो. पदांचे एकक ५० मुलांच्या गृहावर बेतलेले आहे. त्यामुळे २५ मुलांच्या गृहाला कोणती पदे पूर्णवेळ आणि कोणती अर्धवेळ मिळणार, हे मंजुरी आदेशात पदनिहाय लिहून घ्या. ‘अर्धी मुले म्हणजे अर्धी पदे’ असे मनाशी धरून माणसे नेमू नका.

३,००० रुपयांत काय बसते ते मांडून बघा. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत आहाराचे प्रमाण दिलेले आहे. रोज एका मुलाला धान्य ६०० ग्रॅम (१६ ते १८ वयाला ७००), डाळ १२० ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, पालेभाजी १०० आणि इतर भाजी १३० ग्रॅम, दही किंवा ताक १००, न्याहारीला दूध १५० मिलि, साखर ४० ग्रॅम. तीस दिवसांचे झाले धान्य १८ किलो, डाळ ३.६ किलो, तेल पाऊण किलो, भाजी जवळजवळ ७ किलो, दही ३ किलो, दूध साडेचार लिटर. धान्य ३५, डाळ १२०, तेल १४०, भाजी ४०, दही ८०, दूध ५५ असे दर धरले तर एवढ्याचेच सुमारे १,९३० रुपये होतात. साखर, अंडी, कांदा-मसाला, चहा आणि गॅस मिळवला की २,४०० च्या आसपास. दर तुमच्या मोंढ्यातले टाका, प्रमाण बदलू नका. उरलेल्या ५००-६०० रुपयांत साबण, तेल, दात घासण्याचे सामान, कपडे, अंथरूण-पांघरूण.

इथे एक चूक हमखास होते. सोळा-सतरा वर्षांच्या, दिवसभर आत असलेल्या मुलांना दहा वर्षांच्या मुलांचे माप लावले जाते. मुलगा पोटभर जेवला नाही की भांडण, आणि भांडण झाले की पळून जाण्याचा प्रयत्न. स्वयंपाकघरात वाचवलेले पैसे दुरुस्तीत आणि पोलीस ठाण्याच्या खेपांत जातात. आपल्याकडच्या मुलांना ज्वारीची भाकरी हवी असते. नियमातल्या धान्यात ज्वारी धरलेली आहे, तेव्हा ‘तरतूद नाही’ हे कारण चालत नाही. अडचण वेगळीच असते: सव्वाशे भाकरी रोज थापणारी बाई दोन स्वयंपाकींच्या मानधनात मिळत नाही. मग आठवड्यातून तीन दिवस भाकरी, बाकी पोळी, असे आधीच ठरवून तक्ता भिंतीवर लावा. धान्यासाठी कल्याणकारी संस्थांना सवलतीच्या दराने मिळणाऱ्या कोट्याची मागणी जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे जरूर करा. पण ते मिळेपर्यंत अंदाजपत्रक बाजारभावानेच बनवा.

खरा खड्डा माणसांच्या खर्चात आहे. निरीक्षणगृहाला रात्र नसते. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या २१. प्रत्येक पाळीला दोन काळजीवाहक धरले तर ४२ पाळ्या. एक माणूस आठवड्याला सहाच करतो, म्हणजे सात माणसे, तीही कोणी आजारी पडले नाही तर. दरडोई १२,००० रुपये धरले (किमान वेतन जास्त असेल तर ते धरा) तरी महिन्याला ८४,०००. दहा मुलांचे परिपोषण अनुदान मात्र ३०,०००. मुले दहा असोत की पंचवीस, हे ८४,००० बदलत नाहीत. पदे मंजूर नसताना फक्त परिपोषण अनुदानावर गृह चालवायला घेणाऱ्या संस्था पहिली काटकसर रात्रपाळीत करतात. एकच माणूस, तोही झोपलेला. मारहाण, लैंगिक छळ, पळून जाणे यांतले बरेचसे त्याच वेळेत घडते. अशा वेळी संस्थेची जबाबदारी अनुदान थांबण्यापुरती राहत नाही. कलम ७५ खाली संस्थेत काम करणाऱ्याने केलेल्या क्रूरतेला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे.

तेव्हा प्रस्तावात दोन स्तंभ करा. मुलांच्या संख्येबरोबर बदलणारा खर्च एकात, न बदलणारा दुसऱ्यात. दुसऱ्या स्तंभातला प्रत्येक रुपया पदाच्या मानधनातून, आवर्ती खर्चातून किंवा संस्थेच्या स्वतःच्या पैशातून येणार हे समोर लिहा. ज्या ओळीसमोर काहीच लिहिता येत नाही, तेवढी तूट.

पाण्याची ओळ मराठवाड्यात वेगळी काढावीच लागते. शहरी पाणीपुरवठ्याचे माप माणशी रोज १३५ लिटर. २५ मुले आणि हजर कर्मचारी सहा, म्हणजे रोज सुमारे ४,२०० लिटर. १०,००० लिटरचा टँकर अडीच दिवसही पुरत नाही. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात ३५-४० टँकर लागतील. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे विसरून अंदाजपत्रक करू नये. दहा हजार लिटरच्या दोन टाक्या आणि पावसाचे पाणी उतरवणारे नळ पहिल्याच वर्षी बसवा, देणगीतून बसवले तरी हरकत नाही.

इमारत. भाड्याची चालते, पण अकरा महिन्यांच्या करारावर नाही. नोंदणी पाच वर्षांची असते, तेव्हा करार किमान तेवढा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा. शयनकक्षात दर मुलामागे ४० चौरस फूट, म्हणजे २५ मुलांना १,००० चौरस फूट. इथे फसगत होते ती अशी की संस्था हजार फुटांचा एक सभागृहवजा हॉल दाखवते. निरीक्षणगृहात ७ ते ११, १२ ते १६ आणि १६ ते १८ असे गट वेगळे ठेवायचे असतात, मुलींचे गृहच वेगळे. म्हणून एका हॉलपेक्षा ३०० ते ४०० फुटांच्या तीन खोल्या चांगल्या. सात मुलांमागे एक शौचालय आणि दहांमागे एक न्हाणीघर, म्हणजे २५ ला चार आणि तीन. आजारी मुलासाठी खोली, समुपदेशनाची बंद दाराची खोली, स्वयंपाकघर, जेवणाची जागा, वर्ग, खेळायला उघडी जागा. बाल न्याय मंडळाची बैठक तिथेच भरणार असेल तर त्यासाठीही जागा लागते. गज, कुलपे आणि काटेरी तारा लावून तुरुंगासारखे रूप देऊ नका, नियमांतच ते नको म्हटले आहे. आवाराची भिंत उंच ठेवा आणि आतले दरवाजे साधे.

बांधकामाचे पैसे मुख्यत्वे शासकीय गृहांसाठी असतात. संस्थेच्या मालकीच्या जागेवर शासन इमारत बांधून देईल असे धरू नका. भाडे कोणत्या शीर्षाखाली मिळेल हे मंजुरी आदेशात शब्दांत नसेल, तर तेही मिळणार नाही असेच समजा.

नोंदणी कलम ४१ खाली. अर्ज आदर्श नियमांतल्या नमुना २७ मध्ये, प्रमाणपत्र नमुना २८ मध्ये. सोबत न्यास नोंदणी, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, नकाशा, अग्निशमन व आरोग्य विभागाचे दाखले, पाणी तपासणीचा अहवाल, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी. अर्ज दिल्याची पोच जपून ठेवा. एका महिन्यात तात्पुरती नोंदणी मिळाली नाही तर ती पोचच तात्पुरती नोंदणी मानली जाते, पण जास्तीत जास्त सहा महिने. नोंदणीशिवाय गृह चालवल्यास कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी द्या. नोंदणी संपलेल्या दिवसापासूनच्या खर्चावर लेखापरीक्षक बोट ठेवणारच.

पैशाचा रस्ता असा: जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी, पुण्याचे आयुक्तालय, राज्याचा वार्षिक आराखडा, दिल्लीत प्रकल्प मान्यता मंडळाची बैठक, केंद्राचा हप्ता, त्यात राज्याच्या वाट्याची भर, मग बीम्सवर (राज्याच्या अर्थसंकल्प वाटपाच्या संगणक प्रणालीवर) तरतूद आणि कोषागारातून देयक. मुख्य लेखाशीर्ष २२३५. त्याखाली पगाराचे अनुदान उद्दिष्ट (खर्चाच्या प्रकाराचा क्रमांक) ३६ मध्ये आणि पगाराशिवायचे ३१ मध्ये. हा फरक कंटाळवाणा वाटतो, पण ३१ मध्ये आलेल्या पैशातून पगार दिला की उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) अडकते. पुढच्या वर्षाच्या आराखड्यात नाव यायला हवे असेल तर तुमचा प्रस्ताव आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत जिल्ह्यातून निघालेला बरा. जानेवारीत दिलेला कागद बहुधा त्याच्या पुढच्या वर्षात जातो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम जमा झाली तर ती घाईने खर्ची दाखवू नका. शिल्लक शिल्लक म्हणूनच दाखवा, आणि त्यावरचे व्याज संस्थेचे नाही हे कीर्दीत वेगळे ठेवा.

अनुदान अडले की बोट पुण्याकडे जाते. बऱ्याचदा पैसा अडलेला असतो तो आपल्याच हजेरीपटात. दाखल नोंदवहीत १४ मुले, हजेरीपटात १३, पोर्टलवर १६, स्वयंपाकाच्या साठा नोंदवहीत २० मुलांचे धान्य निघालेले. चारही आकडे जुळेपर्यंत देयक पुढे सरकत नाही. दुपारी दाखल झालेला मुलगा त्या दिवशी धरायचा का, सकाळी सुटलेला धरायचा का, हे जिल्हा कार्यालयाकडून एकदा लेखी घ्या आणि वर्षभर तेच पाळा. प्रत्येक दाखलीमागे मंडळाचा आदेश आणि प्रत्येक सुटकेमागे आदेश व पालकांचे बंधपत्र हवे. ‘साहेबांनी फोनवर सांगितले’ याला प्रमाणक नसते. मुलाचा अठरावा वाढदिवस कधी, हेही नोंदवहीत लाल शाईने लिहून ठेवा. त्यानंतर कुठे ठेवायचे याचा आदेश मंडळाकडून आधीच मागायचा असतो.

बाकीचे अडथळे भुरटे असतात, पण महिनोन्‌महिने खातात. विश्वस्त बदलले आणि बदल अहवाल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात दिला नाही, की बँकेतल्या सह्या आणि परिशिष्ट एक (धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांची नोंद) जुळत नाही. पगार रोखीने वाटले. जडवस्तू नोंदवहीत पलंगांना क्रमांक नाहीत. तपासणी समितीच्या शेऱ्यांना उत्तर दिलेले नाही. कलम ५४ प्रमाणे ही समिती दर तीन महिन्यांनी किमान एकदा येते, त्यात किमान तीन सदस्य, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. त्यांचा अहवाल आठवड्याच्या आत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. शेरा वाईट असला तरी चालतो, पूर्तता अहवाल नसणे चालत नाही.

ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडची वेगळी अडचण येते. बीड, धाराशिव, जालना भागातली कुटुंबे दिवाळीनंतर कारखान्यांवर जातात. मुलाचा जामीन मंजूर असतो, पण बंधपत्र द्यायला घरी कोणी नसते आणि मूल उगाच आत राहते. जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी मुलाला मंडळापुढे हजर करायचे असते, हे कलम १२ च्या चौथ्या पोटकलमात स्पष्ट आहे. तारीख मोजत बसणारा माणूस गृहात हवा. परिवीक्षा अधिकाऱ्याला सामाजिक तपास अहवालासाठी (मुलाच्या घरच्या परिस्थितीच्या चौकशीसाठी) साताऱ्या-सांगलीकडच्या ऊसतोड टोळीपर्यंत पोचावे लागले, तर प्रवासखर्च कोठून, हे आवर्ती खर्चात आधीच लिहा. मुकादमाचा फोन क्रमांक दाखल होतानाच घेतला तर निम्मे काम होते.

शासनाच्या इतर दारांपैकी दोन उपयोगी. जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखण्याचा राज्याचा निर्णय आहे. त्यातून शासकीय गृहाची दुरुस्ती, सौर पाणी तापक, ग्रंथालय अशी कामे सुचवता येतात. संस्थेच्या खात्यात मात्र तो पैसा सहसा येत नाही. दुसरे, घरी परतणाऱ्या मुलाला मिशन वात्सल्यमधले प्रायोजकत्व (मूल कुटुंबातच राहावे म्हणून मिळणारी मदत), दरमहा ४,००० रुपये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० च्या आत हवे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा पलंग, टाकी, कौशल्य प्रशिक्षणाच्या यंत्रांसाठी मागा. त्यावर काळजीवाहकांचे पगार बेतू नका, तो दोन वर्षांत आटतो.

रोजची सरासरी दहाच्या खाली निघाली, तर निरीक्षणगृहाचा हट्ट सोडा. कलम ५१ प्रमाणे बाल न्याय मंडळ एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या जागेला ठराविक कामासाठी तात्पुरती ‘योग्य सुविधा’ म्हणून मान्यता देऊ शकते. चार-पाच मुलांची सोय, एक समुपदेशक, पालक येईपर्यंतचे दिवस, एवढ्यापुरता अर्ज मंडळाच्या प्रमुख दंडाधिकाऱ्यांकडे करा आणि त्याची प्रत जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याला द्या. मुलांना शेजारच्या जिल्ह्यात नेण्या-आणण्याच्या किती खेपा त्यामुळे वाचतील, तो आकडा अर्जात पहिल्या परिच्छेदात लिहा.